रापणीचं गाणं : कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

लहान मुलांच्या टीव्ही चॅनेलचा होकार आला. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांवरच्या ॲनिमेशन गाण्यांच्या मालिकेत आमच्या वाट्याला समुद्रकिनारा आलाय. अटी अशा: वय तीन ते सात, लांबी अडीच मिनिटांच्या आत, चित्र १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, शब्द आणि चाल नवीन. फेब्रुवारी संपायच्या आत मास्टर, म्हणजे अंतिम फाईल, त्यांच्या हातात हवा.

सोबत एक यादीही आलीय. नारळ, आंबा, किल्ला, होडी, डॉल्फिन, गणपती, रेल्वे. अडीच मिनिटांत एवढं कोंबलं तर गाणं राहील बाजूला आणि हॉटेलचं माहितीपत्रक तयार होईल. आम्ही उलट एकच गोष्ट कळवली: रापण. एक सकाळ, एक जाळं आणि ते ओढणारी माणसं. बाकीचं कोकण मागे दिसेल तेवढं दिसेल.

पुण्यातून ॲनिमेशन करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने रापण पाहिलेली नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो. किनाऱ्यावरून ओढायचं हे जाळं. दोराचं एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हातात राहतं. होडी जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक जरा लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडचे गट ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे बोये, खालच्या कडेला वजन, मधोमध पिशवी. मासळी शेवटी त्या पिशवीत येते. खोल समुद्र नाही, यंत्र नाही, सगळं डोळ्यांसमोर घडतं. तीन ते सात वयाला याहून सोपी गोष्ट मला तरी सुचली नाही.

११ नोव्हेंबर

पहाटे मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर. फोन तिपाईवर लावला आणि एका जागेवरून सलग रेकॉर्डिंग केलं. मध्ये झूम नाही, फिरवाफिरवी नाही. संदर्भासाठी असंच लागतं, नाहीतर नंतर पावलं मोजता येत नाहीत.

घरी येऊन फ्रेम-फ्रेम पाहिलं. ओढणारा माणूस हातांनी ओढतच नाही. हात फक्त धरतात. आधी अंग मागे कलतं, टाचा वाळूत रुततात, मग कंबर मागे जाते आणि शेवटी पाऊल पडतं. कार्टूनमध्ये ओढणं म्हणजे कोपरं मागे-पुढे करणं असतं. तसं केलं की दोर रिकामा वाटतो, त्याच्या टोकाला काहीच नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट ॲनिमेशनवाल्यांसाठी सोन्याची. रांगेतला सगळ्यांत मागचा माणूस वर कोरड्या वाळूत पोचला की दोर सोडतो, चालत पाण्यापाशी येतो आणि सगळ्यांत पुढे पुन्हा धरतो. मग त्याच्या पुढचा. म्हणजे चक्र आयतंच तयार आहे. माणसं बदलत राहतील, रांग तीच राहील आणि प्रत्येक कडव्याला नवा चेहरा पुढे येईल.

दोराचं गुंडाळं करत बसलेल्या आबांना विचारलं, तुम्ही सगळे एकदम कसे ओढता, कोण सांगतं? आबांनी समुद्राकडे हनुवटी केली.

"तो सांगता. लाट येताना ओढूचा, जाताना नुसता धरून रवाचा. दर्यावांगडा भांडान काय उपयोग?"

रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं तेव्हा ते दिसलं. लाट परतताना सगळी रांग थांबते. थांबते म्हणजे ढिली पडत नाही. दोर तेव्हाच सगळ्यांत ताठ असतो, त्यातून पाणी टपाटपा उडतं, पोटऱ्या थरथरतात, पण पाऊल हलत नाही. ओढीइतकंच महत्त्वाचं काम तेव्हा चाललेलं असतं.

गाणं यावरच बांधायचं.

१४ नोव्हेंबर

संगीतकाराने पहिली चाल मिनिटाला १२० ठोक्यांवर पाठवली. ऐकायला छान. पण सेकंदाला २५ फ्रेम असताना १२० म्हणजे एका ठोक्याला साडेबारा फ्रेम. अर्धी फ्रेम नावाची वस्तू नसते. एका ठोक्यात अर्ध्या फ्रेमचा फरक कोणाच्या डोळ्याला कळणार नाही, हे संगीतकाराचं म्हणणं खरंच आहे. अडचण चक्राची आहे. बारा फ्रेमची हालचाल पुन्हा पुन्हा फिरवली तर आठ मात्रांच्या आवर्तनात ती चार फ्रेम पुढे पळते, दोन आवर्तनांत आठ. पहिलं कडवं संपेपर्यंत पखवाज एकीकडे आणि पावलं दुसरीकडे.

१२५ केलं की मात्रा बरोबर १२ फ्रेमची होते. १०० वरही आकडा पूर्ण येतो, १५ फ्रेम; पण आम्ही एक चित्र दोन फ्रेम धरून काढणार, तेव्हा आकडा समच हवा. १५० वर दहा फ्रेम, पण मग रापण नाही, शर्यत होईल. १२० आणि १२५ मधला फरक गाताना जाणवतही नाही. संगीतकाराने दोन्ही वाजवून पाहिलं आणि "घ्या १२५" म्हणाला.

केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन म्हणजे ९६ फ्रेम, चार सेकंदांना थोडं कमी. छत्तीस आवर्तनांत गाणं बसतंय: ३४५६ फ्रेम, दोन मिनिटं अठरा सेकंद आणि वर सहा फ्रेम. चित्र दोन फ्रेमचं धरलं तर १७२८ चित्रं. चक्रं वापरली तर अर्थातच कितीतरी कमी.

आणि आबांचं सूत्र: पहिल्या चार मात्रा ओढ, पुढच्या चार मात्रा धरून. ध्रुवपद असं झालं:

लाट इली, लाट इली,
ओढ रे ओढ!
लाट गेली, लाट गेली,
धरून रव!

कडवी प्रमाण मराठीत, ध्रुवपद मालवणीत. नागपूरच्या मुलाला 'इली' समजेल का, असा प्रश्न चॅनेलकडून येणारच. लाट येताना समोर दिसत असेल तर समजेल.

१९ नोव्हेंबर

चित्रशैलीवर बैठक, फोनवरूनच. चॅनेलच्या कलाविभागाला 'वारली टच' हवा आहे.

वारली चित्रकला मला आवडते, पण ती पालघर-डहाणूकडची. मालवणच्या किनाऱ्यापासून तिथवर जाईपर्यंत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे असे चार जिल्हे लागतात. 'महाराष्ट्र' म्हटलं की त्रिकोणांची माणसं काढून मोकळं व्हायचं, हा आळस आता बस झाला. इथे कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची कथा) सादर करतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण चित्रकथीचीही नक्कल करायची नाही असं ठरवलं. त्या चित्रांतली माणसं रामायण-महाभारतातली. त्यांचा मुकुट काढून हातात दोर दिला तर ना ती कथा राहते ना हे काम. घ्यायचं ते चामड्याच्या बाहुलीकडून. ती सपाट असते, सांधे मोजके असतात आणि कुठला सांधा मोकळा ठेवायचा हे बाहुली करणारा आधी ठरवतो. आमच्या पात्रांना खांदा, कोपर, कंबर, गुडघा आणि घोटा एवढेच सांधे. मान स्वतंत्र नाही, डोकं धडासोबतच कलतं. पुण्याचा सहकारी आधी नाराज झाला. चाचणीसाठी कंबरेतून मागे कलणारी एक ओढ केली, तेव्हा गप्प बसला.

२४ नोव्हेंबर

पार्श्वभूमीची पहिली चित्रं आली. सुंदर आहेत. सकाळची वेळ, समुद्र, आणि समुद्रातून उगवणारा लालभडक सूर्य.

आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो, उगवत नाही. सकाळी तो मागून, माडांच्या आडून येतो आणि सावल्या पाण्याकडे पडतात. ही चूक म्हणून नुसती दुरुस्त करायची गोष्ट नव्हती, उलट चित्राला त्याने फायदाच झाला. माणसं पाण्याकडे तोंड करून मागे ओढतात, म्हणजे प्रत्येकाची लांब सावली दोराच्या दिशेने पुढे पसरते. जमिनीवर दुसरी रांग तयार होते. ती वेगळी काढावी लागत नाही; तेच पात्र काळं करून, तिरकं करून वाळूवर ठेवलं.

वाळूचा रंगही बदलून घेतला. नमुन्यात हळदी पिवळी होती. मालवण-तारकर्लीकडची वाळू फिकट आहे, रत्नागिरीच्या मांडवीला तर काळी. फिकट वाळूवर ओला पट्टा गडद दिसतो, आणि तो पट्टा आम्हाला हवाच आहे. गोष्टीत ओहोटी लागलेली आहे, म्हणून हा पट्टा कडव्यागणिक रुंद होत जाणार. तीन पार्श्वभूमी, तीन पट्टे. मुलं हे बघणार नाहीत, पण त्यांच्या शेजारी बसलेली एखादी आजी बघेल.

सिंधुदुर्ग किल्ला मागे दिसतो. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला तट क्षितिजावर बोटभर. यादीतला किल्ला मिळाला, चॅनेल खूश.

३ डिसेंबर

पखवाजाचं रेकॉर्डिंग. वाजवणारे काका दशावतारी मंडळीत साथ करतात. हे दिवस जत्रांचे, म्हणजे रात्रभर नाटक आणि दिवसा झोप. सकाळी रेकॉर्डिंग ठेवलं तर ते झोपलेले, संध्याकाळी ठेवलं तर गाडी पुढच्या गावाला निघालेली. शेवटी दुपारी चार ते साडेपाच एवढी फट मिळाली.

हेडफोनमध्ये टिक-टिक लावून दिली. काकांनी दोन आवर्तनं वाजवून हेडफोन काढला. "ह्या घड्याळाच्या तालावर पखवाज वाजूचो नाय." मग टिक-टिकच्या जागी झांजेचा ठेका १२५ वर बसवून दिला, आणि काका त्यावर जे सुटले ते थांबेनात. 'धरून रव'च्या चार मात्रांत मी त्यांना काहीच वाजवू नका म्हटलं होतं. ते म्हणाले, अगदी काही नाही असं नको, मुलांना वाटेल टीव्ही बंद पडला. त्यांनी डाव्या पुडीवर तळवा दाबून एक घुमारा काढला आणि तो चार मात्रा घुमत ठेवला. ताणलेल्या दोराचा आवाज असाच असणार, असं ऐकताक्षणी वाटलं. खऱ्या दोराला एवढा आवाज नसतो, पण कोण तपासणार आहे!

७ डिसेंबर

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांचा कोरस. पालकांची लेखी परवानगी आधीच घेतली होती. वर्गात कौलं आणि मोकळ्या भिंती, आवाज घुमतो. भिंतींवर गोधड्या टांगल्या. 'ओढ रे' मुलं जोरात म्हणतात आणि 'धरून रव' त्याहून दुप्पट जोरात. बाईंनी 'हळू' म्हणून सांगून पाहिलं. हळू नकोच होतं.

शेवटचं कडवं साखळीचं आहे. 'जाळ्यात काय गावला?' विचारायचं आणि प्रत्येक वेळी एक नाव जोडत जायचं: बांगडो गावलो, तारली गावली, कुर्ली गावली... आणि शेवटी केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा:

केंड गावलो, फुगान बसलो,
दर्यात सोडून दिलो!

१२ डिसेंबर

ॲनिमॅटिकवर, म्हणजे आवाजावर बसवलेल्या कच्च्या चित्रांवर, चॅनेलचे शेरे आले. तीन मोठे.

एक: मासे हसरे हवेत.

दोन: मुलं एकटी पाण्यात दिसता कामा नयेत.

तीन: "गाणं मध्ये मध्ये थांबतं. अडकल्यासारखं वाटतं. चित्रात सतत हालचाल ठेवा, नाहीतर मूल दुसरीकडे बघतं."

दुसरा लगेच मान्य. तो त्यांचा नियम आहे आणि चांगला आहे. मुलं दोराच्या अगदी मागच्या टोकाला, कोरड्या वाळूत, मोठ्यांच्या मधे. खऱ्या रापणीतही मुलं तिथेच लुडबुडतात.

पहिल्यावर फोनवर बराच वेळ बोललो. माशाला डोळे, भुवया आणि हसू दिलं की तो पात्र होतो. मग तो हसत हसत जाळ्यात येणार आणि पुढच्या शॉटमध्ये टोपलीत पडणार. चार वर्षांचं मूल विचारेल, तो आता का हसत नाही? या प्रश्नाचं उत्तर गाण्यात नाही आणि ते चुकवायचंही नाही. इथे माणसं मासे पकडतात आणि खातात. ज्यांच्या घरी रोज निस्त्याक (मासळीचं जेवण) असतं त्या मुलांना हे माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नसतं त्यांना खोटं सांगायचं कारण नाही. मासे देखणे काढू. बांगड्याच्या पाठीवरचे हिरवट-काळे पट्टे, तारलीची चंदेरी बाजू. चेहरा मात्र फक्त केंडाला, कारण तो परत पाण्यात जातो. निर्मात्या मॅडम थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "केंड गोंडस करा मग." केला.

तिसरा शेरा राहिला. त्यावर लेखी उत्तर द्यायचं ठरलं.

१३ डिसेंबर

उत्तर पाठवलं. थोडक्यात असं:

'धरून रव' हा गाण्यातला खड्डा नाही, तो गाण्याचा अर्धा भाग आहे. तो काढला तर उरतात फक्त मागे-पुढे हलणारी माणसं, आणि तसं सतरा गाण्यांत आहे. लहान मुलांना थांबणं कंटाळवाणं वाटतं हे गृहीतच तपासावं लागेल. 'स्टॅच्यू' हा खेळ तीन-चार वर्षांची मुलं तासन्‌तास खेळतात. त्यात मजा हलण्याची नसते, हलू न देण्याची असते. आम्ही थांबलेल्या चित्रात काय चालू ठेवतोय ते पुढच्या फेरीत दाखवू. त्यानंतरही अडकल्यासारखं वाटलं तर चार मात्रांच्या जागी दोन करू.

शेवटचं वाक्य लिहिताना जिवावर आलं, पण ते लिहिलं नसतं तर बाकीचं कोणी वाचलं नसतं.

२० डिसेंबर

धरून ठेवण्याच्या ४८ फ्रेम. या कामासाठी ॲनिमेशनवाल्यांचा शब्द 'मूव्हिंग होल्ड': पात्र थांबलंय, पण चित्र मेलेलं नाही. डिजिटल चित्र खरंच गोठलं तर ते लगेच कळतं, फाईल अडकल्यासारखी दिसते. चॅनेलचा शेरा त्या अर्थाने बरोबर होता, ॲनिमॅटिकमध्ये खरोखरच एकच चित्र ४८ फ्रेम ठेवलेलं होतं.

आता काय काय हलतं ते पाहा. ओढ संपताना अंग ठरलेल्या जागेपेक्षा किंचित जास्त मागे जातं आणि मग सहा फ्रेममध्ये जागेवर बसतं. त्यानंतर पूर्ण वेळ ते केसभर, अगदी केसभर, पुढे खेचलं जातं, कारण समोरून समुद्र ओढतोय. टाचांपुढे वाळूची कड जमते. दोर ओढताना झोळ घेतलेला असतो तो सरळ होतो, त्यातून थेंब सुटतात, आणि सरळ झाल्यावर दोराची रेघ दोन-दोन फ्रेमला जरा वर-खाली थरथरते, ही थरथर टोकांकडे कमी होत जाते. सगळ्यांत मागच्या मुलीचे फक्त डोळे फिरतात. ती उजवीकडच्या काकींकडे बघते: आता? अजून नाही.

हे सगळं कणकवलीहून येणाऱ्या आमच्या नव्या मुलीने केलं. दोरासाठी तिने ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच वक्ररेषा ठेवली आणि तिचे बिंदू हातांना बांधले, म्हणजे माणूस बदलला तरी दोर आपोआप त्याच्या मुठीत राहतो. मुठीच्या मागचा दोर आणि पुढचा दोर यांचा ताण वेगळा हवा, हे मात्र तिनेच शोधलं. पुढचा ताठ, मागचा ढिला. यामुळे वजन दिसायला लागलं. पाय, कंबर, चेहरा यांवर आम्ही एवढे दिवस घालवले आणि वजन शेवटी आलं ते मुठीच्या मागे लोंबणाऱ्या ढिल्या दोरामुळे.

२९ डिसेंबर

ओठांची जुळणी. तयार सॉफ्टवेअर इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं, मराठीला अंदाजे चालतं. आम्ही हातानेच केलं. तोंडाचे पाच आकार पुरतात. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटले पाहिजेत, नाहीतर डोळ्याला उशीर वाटतो. 'आ' पूर्ण उघडा, 'ई' रुंद, 'ऊ-ओ' गोल, उरलेल्यांना अर्धं उघडं तोंड. ण, ळ, ढ यांचं सगळं काम जिभेचं आणि आत चालतं, बाहेर काही दिसत नाही, त्यामुळे फुकट. 'ओढ रे ओढ'मध्ये ओठ एकदाही मिटत नाहीत. गोल, अर्धं, अर्धं, गोल, अर्धं. लहान मुलाला आरशासमोर उभं करून म्हणायला सांगा, मजेशीर दिसतं.

७ जानेवारी २०२६

दिवसभर लाईट येऊन-जाऊन. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर अंतिम फ्रेम काढणं, बंद. शिल्लक पार्श्वभूमी कागदावर रंगवल्या.

१५ जानेवारी

अंगणवाडीत सत्तर टक्के झालेलं चित्र दाखवलं. ताईंनी जुना टीव्ही मिळवला होता. आम्ही पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत बसलो.

पहिल्या कडव्यात मुलं बसून. दुसऱ्या ध्रुवपदाला दोघं उठली आणि एकमेकांचा हात दोर म्हणून ओढायला लागली. 'धरून रव'ला ती खरंच थांबली, मागे कललेली, दात-ओठ खाऊन. तिसऱ्या वेळेला सगळा वर्ग. एक मुलगा 'धरून रव' संपल्यावरही सोडेना, त्याला ताईंनी सोडवला. केंड फुगला तेव्हा हसू आलं, पण माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. बहुतेक तो फार लवकर फुगतो. आधी बारा फ्रेम नुसता बघू दे, मग फुगू दे.

मुलांचे चेहरे न येतील अशा बेताने मागून थोडं चित्रण केलं आणि चॅनेलला पाठवलं.

१७ जानेवारी

मॅडमचा निरोप: "चार मात्रा ठेवा."

२४ जानेवारी

गाण्याचे शब्द पडद्यावर. ब्लेंडरमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. वाचायला शिकणाऱ्या मुलांसमोर अशी मराठी ठेवणं म्हणजे पाप. सगळे शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, त्यांच्या आकृत्या करून आणल्या. त्या प्रत्येक मात्रेला एक-एक रंगत जातात. कडेपासून पाच टक्के जागा मोकळी, कारण काही टीव्ही अजूनही चित्राची कड कापतात. 'धरून रव'ची अक्षरं रंगली की जागच्या जागी जरा ताणली जातात आणि तशीच राहतात.

५ फेब्रुवारी

जाळ्याची पिशवी वाळूवर येते तो शॉट. शेकडो तारल्या उन्हात चमकतात; सगळ्यांना हाच शॉट सगळ्यांत आवडला होता. मास्टर करण्याआधी लखलखाटाची चाचणी लावली आणि तोच अडकला.

नियम साधा आहे. पडद्याच्या चौथ्या हिश्शाहून मोठ्या भागात सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड-अंधार होता कामा नये. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, तेव्हापासून मुलांच्या चॅनेलांना याबाबत फार जपावं लागतं. आमच्या तारल्या दोन फ्रेम पांढऱ्या, दोन फ्रेम करड्या. चार फ्रेमला एक चमक म्हणजे सेकंदाला सव्वासहा, आणि ढीग निम्मा पडदा व्यापतो.

मंद करून टाका, असा सोपा सल्ला होता. तसं केल्यावर मासळी शिळी दिसायला लागली. मग चमक माशावरून काढून उन्हाला दिली: ढिगावरून एक तिरकी उजळ पट्टी संथ सरकते, ती जिथे असेल तिथल्याच थोड्या तारल्या उजळतात, त्याही वेगवेगळ्या वेळी. एका माशाची चमक यायला-जायला २४ फ्रेम. चाचणी पास. आणि खरं तर ढीग असाच चमकतो. माणूस बाजूने चालत गेला की उजेड ढिगावरून त्याच्यासोबत सरकतो.

१२ फेब्रुवारी

आवाजाचं मिश्रण. चॅनेलच्या पत्रकानुसार सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा जोर मोजायचं एकक). स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर पखवाजाचा घुमारा पोटात लागत होता. घरच्या टीव्हीवर लावला तर गायब! एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. घुमाऱ्याच्या वरच्या सुरांना थोडा उठाव दिला, सोबत दोर घासल्याचा करकर आवाज बारीक मिसळला. नारळाच्या सुंभाचा दोर खिडकीच्या लोखंडी गजावरून ओढून तो आवाज काढला. आता फोनवरही कळतं की काहीतरी ताणलंय.

१८ फेब्रुवारी

मास्टर गेला. प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, सव्वातीन जीबीच्या आसपास. अपलोड रात्री सुरू केलं, कारण संध्याकाळी इथलं नेट म्हणजे रापणीपेक्षा जास्त ओढायला लागतं. सकाळी पोचल्याचा निरोप. श्रेयनामावलीत 'ताल-सल्ला' या सदरात आबांचं नाव टाकलंय. विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आधी 'सल्लो कसलो, मी दर्याचा सांगलंय' म्हणून टाळलं, मग शुद्धलेखन तपासून घेतलं.

२३ फेब्रुवारी

चॅनेलला मोबाईलसाठी उभ्या चौकटीतला तीस सेकंदांचा तुकडा हवा आहे. आडव्या चित्राचा मधला भाग कापून देता येतो असं त्यांचं म्हणणं. कापून पाहिलं. दोराची दोन्ही टोकं चौकटीबाहेर जातात आणि मधे फक्त तीन पाठी उरतात. चालणार नाही.

तोच शॉट नव्याने लावतोय. कॅमेरा रांगेच्या मागे, जरा उंचावर. दोर खालच्या कडेपासून वर पाण्याकडे जाईल, मुलगी सगळ्यांत जवळ, समुद्र सगळ्यांत वर. सावल्या आपोआप वर पळतील. बाहुल्या पाठमोऱ्या नव्या कराव्या लागतील, पण सांधे तेच. तीस सेकंदांत सात आवर्तनं पूर्ण बसतात आणि ७८ फ्रेम उरतात. त्यात केंड. सोमवारपर्यंत देतो असं कळवलंय. कणकवलीची मुलगी म्हणते, रविवारी रात्रीपर्यंत होईल, फक्त तिला शनिवारी लवकर सोडा, गावात जत्रा आहे.